चॅट गटात सगळं वाहून जातं. समूहाची स्मृती ठेवायची कुठे?

ऋतुगंध

फिल्मवर चालणारे जुने यांत्रिक कॅमेरे स्वतः दुरुस्त करणाऱ्यांचा आमचा एक ऑनलाइन गट आहे. मी त्याच्या ॲडमिनपैकी एक. गट चॅट ॲपवर चालतो. माणसं चांगली आहेत, उत्साह भरपूर आहे, भांडणं जवळजवळ नाहीत. तरीही एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय. इथे वेगवेगळे समूह चालवलेली मंडळी आहेत म्हणून मांडतेय.

उदाहरणच देते. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा लाइट मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. पारा विषारी, त्यामुळे ते सेल बंद झाले. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो नवा असताना १.५ व्होल्ट देतो आणि वापराबरोबर उतरत जातो. मग मीटर फसतो. बहुतेक वेळा आहे त्यापेक्षा जास्त प्रकाश दाखवतो आणि फोटो काळपट येतात. यावर उपाय म्हणजे श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, भोवती एक कडं बसवून. तो १.४ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतो, मात्र एकदा स्टिकर काढला की हवा लागून वापरला नाही तरी संपतो. शिवाय काही कॅमेऱ्यांच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट असतं, त्यांना व्होल्टेजमधल्या फरकाने काही होत नाही. त्यांच्यासाठी हा खटाटोप करायचं कारणच नाही.

हे सगळं आमच्या गटात एका ज्येष्ठ सभासदांनी फार सुरेख लिहिलं होतं. स्वतः मोजलेले आकडे, कड्याचं रेखाचित्र, कुठल्या मॉडेलला लागू आणि कुठल्याला नाही, सगळं. त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा आला, पुन्हा आला, येतच राहिला. आधी काका तितक्याच आस्थेने उत्तर द्यायचे. मग दोन ओळींवर आले. आता वाचतात, पण काही लिहीत नाहीत. त्यांच्या जागी कुणीतरी घाईघाईत "साधा सेल घाला, चालतो" म्हणून मोकळं होतं आणि नवखा माणूस तेच प्रमाण मानतो. बरोबर उत्तर त्याच गटात वर कुठेतरी असतं, सुप्रभात आणि अंगठ्यांच्या ढिगाखाली.

माहिती हरवली तर ती पुन्हा मिळवता येते. पण तेच ते सांगून दमलेला जाणकार परत बोलता होत नाही, आणि मला खरी काळजी त्याची आहे.

आधीच्या मंडळींनी हा प्रश्न बराचसा सोडवला होता असं मला वाटतं. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेट या ऑनलाइन चर्चांच्या जाळ्यावर विषयवार गट होते आणि एका प्रश्नाची उत्तरं त्याच प्रश्नाखाली लागायची. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका जागी लिहून ती ठरावीक काळाने पुन्हा टाकायची प्रथा तिथेच रुजली. आजही ज्याला आपण एफएक्यू म्हणतो, त्याचा प्रसार तिथूनच झाला. नव्याने आलेल्याने आधी ते वाचावं ही अपेक्षा असायची आणि ती उघड सांगितली जायची. पुढे २००६ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने न्यूज फीड आणली आणि हळूहळू सगळीकडेच ताजं ते वर, शिळं ते खाली असा क्रम रूढ झाला. चॅट गट तर पूर्णच तसे.

तर विचारायचं हे : ज्यांनी आपला समूह चॅटवरून दुसरीकडे नेला, किंवा न्यायचा प्रयत्न केला, त्यांचा अनुभव काय? माणसं येतात का? आणि नेमकं काय न्यायचं?

---

वाटसरू

फेसबुक गट करा. शोध आहे, अल्बम आहेत, पोस्ट वर खिळवून ठेवता येते आणि मुख्य म्हणजे माणसं आधीच तिथे आहेत. नवीन साइट, नवीन खातं, नवीन पासवर्ड हे म्हटलं की निम्मी मंडळी दारातूनच परत जातात. मी हे एकदा होताना पाहिलंय. ॲडमिनांनी मेहनतीने सुंदर साइट उभी केली, चार लोक गेले, बाकीचे जुन्याच जागी गप्पा मारत राहिले. समूह दुभंगला आणि दोन्हीकडची रया गेली.

---

अक्षरवेल

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या भाषांतरकारांच्या गटात हुबेहूब हेच चाललंय. फक्त तिथे सेलच्या जागी कराराचे मसुदे आहेत.

---

मूकवाचक

माझा आयडी पाहिलात तर लक्षात येईल की मी क्वचित लिहितो. आज लिहावंसं वाटलं.

ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ ठोकताळा सांगतात. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये तो मांडला : १०० पैकी ९० जण नुसते वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लेखन एकट्या १ टक्क्याकडून येतं. आकडे प्रत्येक ठिकाणी असेच असतील असं नाही, पण चित्र ओळखीचं आहे. ॲडमिन मंडळी ते ९० जण निष्क्रिय आहेत असं धरून चालतात. दर काही दिवसांनी "जे बोलत नाहीत त्यांना काढून टाकू" असा संदेश येतो. चॅट गटात सभासदसंख्येला मर्यादा असल्यामुळे तर हमखास येतो.

मी त्या ९० मधला. माझ्याकडे देण्यासारखं अजून फारसं नाही, म्हणून मी गप्प असतो. पण मी वाचलेलं वापरतो. घरातला एक बंद पडलेला कॅमेरा मी कुणालाही एक अक्षर न विचारता सुरू केला. शटरच्या पाकळ्यांवर जुनं तेल चिकट होऊन बसलं होतं. ते कसं काढायचं, आणि पाकळ्यांवर पुन्हा तेल अजिबात का घालायचं नाही, हे एका परक्या फोरमवर कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं. लिहिणाऱ्याला माझा पत्ताही नाही. चॅट गटात हे घडू शकत नाही. तिथे मदत मिळवायची तर सर्वांसमोर तोंड उघडून विचारावं लागतं, आणि बुजऱ्या माणसाला ते फार जड जातं. ऋतुगंध, तुमचे काका एका माणसाला उत्तर देत होते आणि ते वाचणारे माझ्यासारखे कितीतरी होते. ते उत्तर उघड्यावर असतं तर आणखी किती जणांना मिळालं असतं, याचा जरूर विचार करा.

---

सांधेजोड

वाटसरू यांचा मुद्दा व्यवहार्य आहे, परंतु मी त्याच्याशी सहमत नाही. कारण सांगतो.

दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत आपण जे साठवतो ते किती दिवस राहील, हे आपल्या हातात नसते. जिओसिटीज १९९४ मध्ये सुरू झाले. लाखो लोकांनी तिथे आपापली पाने बांधली. १९९९ मध्ये याहूने ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. जे वाचले त्यातील बरेचसे केवळ काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून उतरवून घेतले म्हणून वाचले. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले की गटांवरील साठवलेला मजकूर काढून टाकण्यात येईल, आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच संपली. तिथे दुर्मीळ आजारांचे गट होते, वंशावळी शोधणाऱ्यांचे गट होते, जुन्या यंत्रांचे तर असंख्य होते. कित्येक गटांचे मूळ ॲडमिन तोवर निष्क्रिय झालेले, काहींचे निधन झालेले. मजकूर उतरवून घ्यायचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्यापर्यंत निरोपच पोहोचला नाही.

यांतील कोणीही वाईट हेतूने वागले असे मी म्हणत नाही. कंपनीचा हिशेब कंपनी करते. आपल्या स्मृतीचा हिशेब आपण करायचा.

आपल्या छंदाच्या अगदी जवळचे एक प्रकरण छायाचित्रांचे आहे. बहुतेक फोरमवर जागा कमी असल्यामुळे लोक चित्रे फोटोबकेटवर ठेवत आणि चर्चेच्या धाग्यात फक्त दुवा देत. २०१७ च्या जूनअखेर फोटोबकेटने नियम बदलले. अशी बाहेर दाखवली जाणारी चित्रे हवी असतील तर वर्षाला जवळपास ४०० डॉलर. एका रात्रीत जगभरच्या फोरमवर दुरुस्तीच्या पायऱ्या दाखवणारी चित्रे गेली आणि त्यांच्या जागी एक सूचना दिसू लागली. मजकूर जागेवर होता : "चित्रात दाखवलेला स्क्रू आधी सैल करा." चित्र नव्हते. पुढच्या वर्षी कंपनीने धोरण मागे घेतले, पण तोवर अनेकांनी खाती बंद केली होती.

म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. चित्रे मजकुराच्याच जागी ठेवा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एकाच व्यक्तीच्या नावावर व एकाच व्यक्तीच्या ईमेलवर नसावे. आणि तिसरी गोष्ट बहुतेक समूह विसरतात : लेखनाचा परवाना, म्हणजे ते इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचे, हे पहिल्या दिवशी ठरवा.

परवान्याचे महत्त्व विकिव्हॉयेजवरून कळते. प्रवासमाहितीचा विकिट्रॅव्हल हा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला आणि २००६ मध्ये एका कंपनीने तो विकत घेतला. लिहिणाऱ्यांना मालकाचा कारभार पटेना. परंतु लेखन मुक्त परवान्याखाली होते, त्यामुळे ते सगळे लेखन सोबत घेऊन त्यांना निघता आले. जर्मन भाषेतील मंडळी २००६ मध्येच वेगळी झाली, इंग्रजीतील पुष्कळसे २०१२ मध्ये, आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छत्राखाली विकिव्हॉयेज रीतसर सुरू झाले. परवाना नसता तर कोऱ्या पानापासून आरंभ करावा लागला असता. फेसबुक गटातून असे सामान घेऊन बाहेर पडता येत नाही. तेथून प्रत्येकाला स्वतःपुरता विदा (डेटा) उतरवता येतो. गटाचा संवाद, म्हणजे कोणी काय विचारले आणि त्याला कोणी काय उत्तर दिले, तो मागेच राहतो.

---

नीलमोहर

सांधेजोड, तुमचा प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण. पण मला दुसरी बाजू सांगायची आहे, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची, जोडीदाराची काळजी घेणाऱ्यांचा एक बंद गट मी सांभाळते. तिथे माणसं रात्री-अपरात्री लिहितात. "आज मी आईवर ओरडले." "मला आता हे होत नाही, मला सुटका हवी आहे." असं वाक्य माणूस एरवी कुणाजवळ बोलत नाही. इथे बोलतो, कारण वाचणारे सगळे त्याच वाटेवरचे असतात आणि उद्या ते वाक्य वर सरकून जाणार असतं. त्या रात्री कुणीतरी जागं असतं, दोन शब्द लिहितं, तेवढं पुरतं. हे शोधून सापडेल अशा ठिकाणी ठेवलं तर लोक लिहिणारच नाहीत. आणि ज्या बाईने ते लिहिलं तिच्या भावंडांनी पुढे कधी ते वाचलं तर?

जिथे माणूस मोकळा होतो तिथे विसरणं हीसुद्धा सेवा आहे. म्हणून सगळे गट उघडे करा, सगळं साठवा, असं सरसकट कुणी म्हणू लागलं की मला भीती वाटते.

आमच्या गटात आम्ही भावनेचं आणि माहितीचं वेगळं करतो. औषधाच्या वेळा कशा लावाव्यात, अंघोळ घालताना रुग्ण घाबरत असेल तर काय करावं, घरातून निघून जाऊ नये म्हणून दाराला काय करावं, हे उपयोगी असतं आणि ते कुणाच्याही नावाशिवाय लिहिता येतं. दर आठवड्याला आमच्यातली एक जण तेवढंच वेचून एका सामायिक नोंदवहीत लिहिते. मूळ संदेश तिथे नेत नाही. आशय नव्याने लिहायचा, माणूस ओळखू येईल असा तपशील गाळायचा, आणि ज्याच्या अनुभवातून आला त्याला आधी दाखवायचा. वेळ लागतो. पण हे काम करणारी व्यक्ती गटात सगळ्यात जास्त शिकते, हे मी पाहिलं आहे.

---

मूकवाचक

नीलमोहर, पटलं. मी उघड्या जागेबद्दल जे म्हणालो ते तंत्राच्या गटांपुरतं धरा.

---

वाटसरू

ठीक आहे, फेसबुकचा हट्ट सोडतो. पण मग पुढचा प्रश्न कुणीच घेत नाहीये : सांभाळणार कोण? उघडी जागा म्हटली की जाहिरातवाले येणार, डू आयडी (एकाच माणसाची दुसऱ्या नावाची खाती) येणार, वितंडवाद घालणारे येणार. चॅट गटात निदान प्रत्येकाचा फोन नंबर असतो. यूजनेटचं कौतुक वाचलं, पण तिथेही नव्यांचा लोंढा आल्यावर व्यवस्था कोलमडलीच ना? एरवी दर सप्टेंबरला विद्यापीठांतून नवे विद्यार्थी यायचे आणि महिन्याभरात तिथल्या रीतीभाती शिकायचे. १९९३ नंतर इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांचे ग्राहक येत राहिले ते थांबेचनात, आणि जुन्या लोकांनी त्याला कायमचा सप्टेंबर असं नाव दिलं. जुन्यांना नव्यांना शिकवायला जेवढा वेळ मिळतो त्याहून जास्त वेगाने गट वाढला, तर नुसते नियम लिहून काय होणार?

---

सांधेजोड

योग्य प्रश्न. मला वाटते वाढीचा वेग आपण ठरवावा. मेटाफिल्टर ही १९९९ पासूनची चर्चेची साइट घ्या. तिथे वाचन सर्वांना खुले, परंतु लिहिण्यासाठी खाते काढताना एकदाच ५ डॉलर भरावे लागत. ती रक्कम मोठी नाही. मात्र भांडणासाठी शंभर खाती काढणाऱ्याला ती परवडत नाही. तेथील सुसंस्कृत वातावरणाचे पुष्कळसे श्रेय लोक याला आणि चर्चेवर देखरेख करणाऱ्या पगारी मॉडरेटरांना देतात.

---

अक्षरवेल

पैशाला माझा विरोध. ५ डॉलर एखाद्याला काहीच नसतात आणि एखाद्याला खूप असतात. शिवाय कार्ड नसलेले, अल्पवयीन, पैसे पाठवण्याची सोय नसलेले असे सगळेच बाहेर राहतात. त्यापेक्षा नव्या खात्याचे पहिले काही प्रतिसाद तपासून प्रसिद्ध करा. नवा माणूस काही दिवसांत ओळखीचा होतो आणि जाहिरातवाला कंटाळून जातो.

सांभाळणाऱ्यांबद्दल मात्र बोलायचं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी. पाटाचं पाणी, चराऊ कुरणं, मासेमारी, जंगलं लोक पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकवतात हे त्यांनी ठिकठिकाणची उदाहरणं घेऊन पाहिलं. जे समूह टिकले त्यांत काही गोष्टी त्यांना वारंवार दिसल्या. सभासद कोण हे स्पष्ट असतं. नियम पाळणाऱ्यांचा नियम बनवण्यात हात असतो. देखरेख करणारे त्यांच्यातलेच असतात. पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, मग वाढत जाते. आणि तंटा सोडवायची जागा जवळ आणि स्वस्त असते.

आपल्याकडे बहुतेक गटांत एकच शिक्षा असते, हकालपट्टी. त्यामुळे ॲडमिन आधी खूप सहन करतात आणि मग एक दिवस भडकून काढून टाकतात. बाकीच्यांना काय झालं तेच कळत नाही. मग तर्कवितर्क, कंपूबाजीचे आरोप, आणि काढलेल्याचे मित्रही जातात. आधी खाजगीत समज, मग प्रतिसाद झाकणं, मग आठवड्याभराची बंदी, अशा पायऱ्या असतील तर निम्मी प्रकरणं पहिल्याच पायरीवर मिटतात. आणि कुठली कारवाई झाली हे नाव न घेता का होईना, पण सर्वांना कळवा.

---

नीलमोहर

अक्षरवेल, अनुमोदन. त्यात एक भर : मॉडरेटरला रजा हवी. आमच्याकडे तीन महिन्यांची पाळी आहे. पाळी संपली की त्या व्यक्तीने काही काळ नुसतं सभासद म्हणून राहायचं. सतत इतरांची दुःखं आणि भांडणं वाचून माणूस आतून बधिर होतो. ही कामं बिनपगारी असतात आणि बहुधा एक-दोघांच्याच अंगावर पडतात. समूह मोडतो तो अनेकदा तिथेच मोडतो, बाहेर कुणाला दिसायच्या आत.

---

ऋतुगंध

सर्वांचे मनापासून आभार. इतर दोन ॲडमिनांबरोबर बसून हे सगळं वाचलं. साधारण असं ठरतंय :

चॅट गट राहणार. तिथली तत्परता, ओळखी, कुणाचा जुना कॅमेरा सुरू झाला की होणारा आनंद, हे कशासाठीही मोडायचं नाही. त्याच्या शेजारी एक उघडी साइट असेल, वाचायला खाती लागणार नाहीत. तिथे फक्त तावून-सुलाखून घेतलेली माहिती जाईल, एका विषयाला एक पान. चॅटवर प्रश्न आला की ज्याला माहीत आहे त्याने पानाचा दुवा द्यायचा. उत्तर चुकीचं किंवा जुनं झालं असेल तर पानच दुरुस्त करायचं. वेचण्याचं काम नीलमोहर यांच्या गटासारखं पाळीने. ते नव्या सभासदांना जाणकारांच्या जोडीने द्यावं असं आमच्यातल्या एकीने सुचवलं आणि मला ते फार आवडलं. जाणकाराने सांगायचं, नवख्याने लिहायचं, जाणकाराने तपासायचं. सांगणाऱ्याचे कष्ट वाचतात आणि लिहिणारा शिकतो.

चित्रं साइटवरच. संपूर्ण साठ्याची प्रत दर महिन्याला दोन वेगळ्या सभासदांकडे. परवाना विकिपीडियासारखा, नामनिर्देश आणि तोच परवाना पुढे चालू ठेवण्याच्या अटीवर. शुल्क नाही, पहिले प्रतिसाद तपासून. शिक्षेच्या पायऱ्या आधी गटात चर्चेला ठेवतोय, आम्ही तिघं परस्पर ठरवणार नाही.

एक अडचण उरते. चॅटवर आजवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंच काही अशा सभासदांचं आहे जे आता गटात नाहीत. काहींचा नंबर बदलला. त्यांच्या परवानगीशिवाय ते उचलायचं का?

---

सांधेजोड

जसेच्या तसे उचलू नका. व्होल्टेजचे आकडे, दुरुस्तीचा क्रम, कोणत्या भागाला कोणता भाग पर्यायी, ही तथ्ये आहेत. त्यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, वाक्यांवर, रेखाचित्रांवर आणि छायाचित्रांवर. तेव्हा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा, स्वतः करून पडताळा, आणि मूळ कल्पना गटातील जुन्या सभासदाची आहे एवढे नमूद करा. नाव छापण्यासाठी मात्र परवानगी हवीच. नंतर कोणी भेटले आणि त्यांनी संमती दिली, तर नाव आणि मूळ रेखाचित्र जोडता येईल.

आणखी एक. जे संपर्कात आहेत त्यांची संमती तोंडी घेऊ नका. परवान्याचे नाव लिहिलेला एक छोटा संदेश पाठवून त्याला लेखी होकार घ्या, आणि ते होकार साठ्याबरोबरच जपून ठेवा.

---

ऋतुगंध

हे छान झालं. संमतीच्या संदेशाचा मसुदा उद्यापर्यंत इथेच टाकते, कृपया सगळ्यांनी त्यात काय राहिलं ते सांगा. अक्षरवेल, शिक्षेच्या पायऱ्यांचा तुमच्याकडे लिहिलेला नमुना असेल तर तोही हवा आहे.